व्हेफपोस्तुर

ईसाफ्योर्दुरच्या ग्रंथालयात कॉम्प्युटर दोनच.
त्यातल्या एकाचा स्पेसबार अडकतो.
दर गुरुवारी चारच्या सुमारास यद्विगा येते
कॉडच्या कारखान्यातली पाळी संपवून,
हात लिंबाने घासून.
वास तरी की-बोर्डवर मागे राहतोच.

पहिल्या दिवशी तिने एकच शब्द आणला होता: पोच्ता.
टपाल. ग्रंथपाल स्टेइनुनने
समोरच्या टपाल-कचेरीकडे बोट केलं.
यद्विगाने मान हलवली, नाही नाही,
आणि हवेत दहा बोटं नाचवली.

"अस्सं होय!" मग स्टेइनुनने
पडद्यावरचा शब्द तिला भरवला,
पोराला काटे काढून मासा भरवावा तसा:
व्हेफ. पोस्तुर.
व्हेफ म्हणजे विणलेलं. तिने हातानेच धोटा फेकला,
उजवीकडून डावीकडे, पुन्हा उजवीकडे.
यद्विगाला आठवले बाल्टिकच्या काठावरचे वडील,
लाकडी सुई, गुडघ्यावर पसरलेलं फाटकं जाळं.
श्येच, ती म्हणाली. तिच्याकडे जाळ्यालाही तेच म्हणतात
आणि इंटरनेटलाही.
एकीला कापड दिसलं, एकीला भोकं.
दोघींचंही बरोबरच.

(माझ्या भाषेत कोळी दोन:
एक होडीतला, एक छताच्या कोपऱ्यातला.
जाळं दोघांचंही.
आम्ही मात्र वेबमेल म्हणतो आणि पुढे जातो,
शब्दाच्या आत कोण बसलंय
ते न बघता.)

हे टपाल येत नाही, स्टेइनुन सांगत होती,
अर्धं आइसलँडिकमध्ये, अर्धं खुणांनी.
दाराच्या फटीतून पडत नाही, कुत्रा त्यावर भुंकत नाही.
ते तिकडेच असतं, कुठल्याशा देशातल्या थंड खोलीत.
आपण जायचं. किल्ली लावायची. बसायचं.
उठताना दार ओढून घ्यायचं, एवढं मात्र विसरायचं नाही.

जानेवारीच्या शेवटी एका गुरुवारी, तिने कामाची सुट्टी काढली होती,
ती दुपारीच येऊन बसली होती.
दोन महिने डोंगरामागे दडलेलं ऊन
रस्त्यावर उतरलं, हातभर,
आणि कुणीतरी ओरडलं.
सगळे धावले. यद्विगाही, कोट न घालता,
दार उघडं टाकून.

स्टेइनुन ते बंद करायला गेली.
वाचायचं नव्हतं तिला, वाचताही आलं नसतं.
पण आकडे सगळ्या भाषांत सारखेच:
आलेली पत्रं शून्य.
पाठवलेली शून्य.
मसुदे सहाशे अकरा.

तिचा हात माऊसवर होता, आणि
सहाशे बारा झाले.

खिडकीतून तिने पाहिलं:
यद्विगा बाहेर उभी, डोळे मिटून, चेहरा वर,
दोन्ही हात रिकामे.

स्टेइनुनने काहीच दाबलं नाही.
पुठ्ठ्याच्या तुकड्यावर "बंद आहे" लिहून
पडद्याला टेकवलं.

यद्विगा परतली, ओठावर पॅनकेकची साखर.
आकडा पाहून म्हणाली, बोलेक.
जहाजावर आचारी. आज बहुतेक लास पाल्मासला.
खातं एकच, किल्ली दोघांकडे.
तो लिहून ठेवतो, मी लिहून ठेवते.

"मग पाठवत का नाही?"

तिने बराच वेळ शब्द शोधला, आइसलँडिकमध्ये,
मग साधेच सापडले:
"पाठवलं की जातं."

तिकडे म्हातारा ह्यल्ती कुरकुरत होता,
चांगला कॉम्प्युटर बंद म्हणून
अडकलेल्या स्पेसबारवर
रेक्याविकच्या मुलीला लिहीत होता:
आजऊनआलंतुझ्याखोलीतहीआलंखिडकीपुसलीय