पाणसळ

गळ्यातल्या बिल्ल्यावर छापलंय :
लघाटे. टेबल.
बस्स.
विजयनगरच्या हॉटेलात नाश्त्याच्या रांगेत
वाढणारी पोरगी विचारते, टेबल म्हणजे?
मी म्हणतो, पोहे घाल. शेव जरा जास्त.

हिरव्या लोकरीखाली दगड असतो
हे टीव्हीवर दिसत नाही.
पाच पाट्या. तोच दगड,
ज्यावर शाळेत आम्ही थुंकी लावून
चुकलेला एकोणीसचा पाढा पुसायचो.
फक्त इथली एकेक पाटी उचलायला चार माणसं लागतात,
आणि दोन पाट्यांच्या सांध्यात
मेण ओतावं लागतं, गरम,
श्वास धरून.

मंगळवारी, डावीकडच्या मधल्या खिशापाशी,
पाणसळीतला बुडबुडा सरकलेला दिसला.
केसभर.
केसभरही नाही, केस उभा चिरला तर त्यातला अर्धा.
पत्र्याच्या चकत्या संपलेल्या.
खाली बसगाडीचे ड्रायव्हर रमी खेळत होते,
त्यांच्यातली चौकटची दुर्री मागून आणली,
कापली,
टेबलाखाली उताणा पडून पाटीखाली सारली.
त्या रात्री त्यांचा डाव एका पानाने कमी चालला,
तरी भांडणं नेहमीइतकीच झाली.

बुधवारी तौसीफ आला.
खजराण्याचा. बापाचं टायरांचं दुकान,
दुकानामागे पत्र्याच्या खोलीत एक जुनं टेबल,
तेही मीच लावलेलं, सेकंडहँड कापडाचं.
ठिगळावरून चेंडू उडी मारायचा,
हा त्या उडीचाही हिशेब धरायला शिकला.
मी इस्त्री फिरवत होतो,
तळाकडून काळ्याकडे, एकाच दिशेने,
मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी.
“चचा, कहीं ढलता है क्या?”
मराठी कळते त्याला, आमच्याच गल्लीत ट्यूशनला यायचा.
मी म्हटलं,
इस्त्री तापलीय. हात काढ.

रविवार. आठ-आठ.
सगळे रंग गेले, उरला काळा.
वेल्सचा प्रिचर्ड खुर्चीत, पाण्याचा ग्लास
ओठांशी नेलेला, न पिता.
पंचबाईंचे पांढरे हातमोजे पाठीमागे एकमेकांत.
मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच, “आराम से, भिया.”

जोरात मारला असता
तर दगडाला बोलायला वेळच मिळाला नसता.
पण त्याने हळू मारला.
चेंडू निघाला,
लग्नाच्या मांडवात उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा,
कडेकडेने, कुणाला धक्का न लावता,
डाव्या मधल्या खिशाकडे.
मी पडद्यामागे उभा होतो.
माझे तळपाय आपोआप उजवीकडे कलले.
ओठावर येऊन तो थांबला.
थांबला म्हणजे थांबलाच.

मग प्रिचर्ड उठला, वाकला,
आणि जे करायचं ते एका टिचकीत केलं.
टाळ्या. गुच्छ. दोघांचे हात.
निळ्या खडूची वडी कठड्यावर कुणाची तरी राहिली.

दोन वाजता खुर्च्या रचत असताना
तौसीफ परत आला. टाय सोडलेला.
आता विचारणार, असं वाटलं.
माझ्याकडे उत्तर नव्हतं,
होतं ते त्याच्या हाताचं की माझ्या दुर्रीचं,
मलाच कळत नव्हतं.
तो टेबलाकडे न बघता म्हणाला,
“चचा, दुकानवाली का कपड़ा कब बदलोगे?”
मंगळवारी, मी म्हटलं.
“पक्का?”
पक्का.

तो गेल्यावर पाणसळ ठेवली.
बुडबुडा मध्ये होता.
जवळजवळ मध्ये.
चष्मा पुसून बघितलं,
दिव्याची बाजू बदलून बघितलं.

सकाळी ट्रक आला, रायपूरला जायचा.
सांधे तोडले, मेण खरवडलं,
पाट्या एकेक करून उभ्या पेटीत.
दुर्री खाली पडली,
अर्धी, एकच चौकट उरलेली,
दाबून दाबून काचेसारखी गुळगुळीत.
खिशात टाकली.
ड्रायव्हर लोकांना परत द्यायला हवी होती.