हूल

पहिला आठवडाभर रोडेलने मला मारूच दिलं नाही.
हनुवटीखाली टेनिसचा बॉल दाबून
टायरच्या दुकानावरच्या खोलीत नुसतं चालवलं,
डावा पाय आधी, मग उजवा,
पाय जुळले की फरशीवर काठी.
बारा वर्षं मातीत काढलेला गडी मी,
चालायला शिकत होतो. अजमानमध्ये. रात्री साडेदहाला.

दिवसा जर्फच्या गोदामांतून
एसीच्या डक्टमध्ये सरपटायचं,
नाकात दुसऱ्यांच्या हवेची धूळ.
हात वर धरून धरून खांदे भरून आलेले
आणि रोडेल म्हणतो, बायरो, हात वर.
भैरू त्याच्या जिभेवर बसत नाही.
तोही दिवसभर लाँड्रीत चादरींच्या घड्या घालतो,
म्हणून त्याच्या पॅडना साबणाचा वास.

आमच्याकडे माणूस कळतो तो हाताला लागल्यावर.
मान धरली की समजतं
जोर किती, कच्चा कुठे, रात्री जेवलाय का.
इथे लागायच्या आत कळायला हवं.
मधे हातभर अंतर,
आणि त्या अंतरात न्जोयाचे लांबच लांब हात.
कॅमेरूनचा, रात्रपाळीचा वॉचमन,
नाकावर टपली टाकून जायचा
पोस्टमनसारखा, रोज त्याच घरी.

चिडून मी पट काढायला खाली जायचो
तर गुडघा वाटच बघत असायचा.
ओठाला तीन टाके.
व्हिडिओवर वैजू म्हणाली, काय लागलं?
म्हटलं, डक्टचं झाकण.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, परवा पण झाकणच होतं.

मग जॅब. नुसता जॅब, दोन महिने.
जोर नको, रोडेल म्हणायचा,
दार वाजव आणि हात घरी आण.
गेलेल्या हातापेक्षा परत आलेला हात मोठा,
हे पटायला मला एक दात लागला.
लाथ शिकलो, नडगीवर नडगी घेतली,
लंगडत कामावर गेलो,
फोरमन बशीरने बघून न बघितल्यासारखं केलं.

तरी काहीतरी तुटकच.
मारताना बॉक्सर, धरताना पैलवान,
दोघांची एकमेकांशी ओळख नाही.
मधे जी फट राहायची
न्जोया नेमका तिच्यातून यायचा.

त्या शुक्रवारी दमलो होतो.
खरंच पट काढायला वाकलो
आणि गुडघे ऐनवेळी नाही म्हणाले.
अर्ध्यातच थांबलो.
पण न्जोयाचे दोन्ही हात खाली गेलेले,
माझी बारा वर्षं अडवायला.
वर त्याचा चेहरा, सताड उघडा.
उजवा हात न विचारता निघाला,
वरून, विळ्यासारखा वळून.

तो मटकन बसला. हसला.
माउथपीस काढून म्हणाला, अगेन.
रोडेलने पॅडवर पॅड आपटलं.

हूल म्हणतात आमच्यात त्याला.
वस्तादांनी शंभरदा सांगितलं असेल,
हूल नुसती खोटी असून चालत नाही,
आत खरा पट लागतो.
मी तेव्हा मान हलवली होती.

रात्री वैजूला फोन केला.
तोंडावर काही नवं नव्हतं, म्हणून बोलायलाही नव्हतं.
तिनेच विचारलं, जत्रेला येतोस का.
बघतो, म्हटलं,
आणि तिचे हात खाली गेल्याचं
मला इतक्या लांबून कळलं.