आधी कोरडं

ऑरिन टॉलमनचा फोन आला तो दाढेसाठी नव्हता.
"डॉक्टर, तुमचा हात हलत नाही," म्हणाला,
"चाळीस मिनिटं माझ्या तोंडात होता, मला ठाऊक आहे.
माझा आता हलतो. शनिवारी या."

पोकाटेलोतला नोव्हेंबर. रुळांपलीकडे त्याचं गॅरेज.
ट्रकचं मागलं अंग दोन घोड्यांवर टेकवलेलं,
मधोमध अ‍ॅक्सलचा तो फुगीर गोळा, झाकण काढलेला,
आत दात:
तिरपे, काळपट, एकमेकांत बसलेले.
मी सवयीनं चावा तपासला.

जुनं झाकण पत्र्याचं, कडेला वाकलेलं,
खालच्या दोन बोल्टांमधून वर्षभर झिरपत होतं.
नवं टपालानं आलंय. अ‍ॅल्युमिनियमचं, जाड, पाठीवर फासळ्या.
मूळ कंपनीचं नव्हे, पण मूळच्यापेक्षा दणकट.
कवळीचंही असंच असतं, मी म्हटलं.
तो हसला नाही. वरची मीच बसवली आहे.

पॅकिंग नाही. नुसतं काळं सिलिकॉन, ट्यूबमधून.
त्यामुळे आधी कोरडं करायचं.
खरवडलं, फवारा मारला, पुसलं.
पुन्हा पुसलं.
खालच्या ओठावर तेल परत, लाळेसारखं.
कुठून येतं एवढं?
"आतून. आत असतंच."
मग तासभर त्याला गळू दिलं, काही न करता.
गंधकाचा वास कोटात शिरला, केसांत शिरला.
निचऱ्याच्या बुचाच्या चुंबकावर लोखंडाची मऊ काळी लव;
त्यानं ती अंगठ्यावर घेऊन चोळली.
"एवढं चालतं. पीठ चालतं, तुकडे नको."

मग माझं काम.
बारा भोकं, प्रत्येकाच्या आतल्या अंगानं एकच रेघ,
हात न उचलता, जिथून निघालो तिथेच येऊन मिळणारी.
मी श्वास धरला. त्यानंही धरला असावा.
झाकण दोघांनी टेकवलं, बोल्ट फक्त बोटांनी.
"आत्ता पिळू नका. सगळं बाहेर येईल,
सांध्यात काही उरणार नाही."

ट्यूबच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं:
हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतं.
मी दोनदा वाचलं.
लावताना टिपूस नको, आणि लावल्यावर ओल हवी!
इथे ओल कुठली. इथे ओठ फुटतात,
दाराची मूठ धरली की ठिणगी उडते.
ऑरिननं स्टोव्हवर पातेलं ठेवलं पाण्याचं,
मी दोन टॉवेल भिजवून ट्रकच्या मागच्या फळीवर टाकले.

पाणी उकळेपर्यंत बोलणं निघालं.
सप्टेंबरात डोळे तपासले, लायसन्स परत घेतलं.
ट्रक नातवाला, केडला. मंगळवारी पहाटे येईल ट्विन फॉल्सहून.
"गळकी वस्तू कुणाच्या हातात देऊ नये," एवढंच.
आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, मी सांगितलं.
"मग काय घालता?"
काहीच नसलं तर चमचाभर साखर.
त्यानं मान हलवली, पाना उचलला.
समोरासमोरचे बोल्ट, फुली मारत, बेतानं.

रविवारी तेल भरलं. बाटली दाबताना त्याचा हात थरथरत होता,
मी नळी धरून राहिले
भोकाच्या काठावर धार दिसेपर्यंत.
"साखर," तो म्हणाला, आणि बूच बसवलं.
खाली पुठ्ठा सरकवला.

मंगळवारी क्लिनिक उघडण्याआधी वळसा घालून गेले.
ट्रक निघून गेला होता, घोड्या भिंतीला टेकवलेल्या.
ऑरिननं पुठ्ठा उचलला, उजेडात धरला,
मी एक्स-रे धरते तसा,
उलटा करून पाहिला,
मग माझ्या हातात दिला:
"तुम्ही बघा. तुमचे डोळे चांगले आहेत."