एक जानेवारी दोन हजार दोन

शटर अर्धं खाली, म्हणजे गिऱ्हाइकाला कळतं
बाई आत आहे पण काम बंद आहे.
विक्रोळी, कन्नमवार नगर, रात्रीचे साडेनऊ.
काळ्या पडद्यावर पांढरी एक ओळ, इंग्रजीत.
अर्थ एवढाच, की उठून बसावं असं
आत काहीच सापडत नाही.

आत सगळं आहे रे.
पतपेढीचा अहवाल, कोचरेकरांच्या नातीचं बारसं,
आचरा मंडळाच्या नाटकाची एकशे चार पानं,
अशा जुन्या फॉन्टात, की दुसऱ्या मशीनवर उघडली
तर सीतेच्या तोंडी नुसते डॉलर आणि टक्के.

पेनड्राइव्हवरून उठायची अक्कल या मशीनला नाही,
म्हणून ऋत्विजने चकती पाठवली.
मावशी, ही लाइव्ह आहे, म्हणाला,
हार्डडिस्कला हात लावत नाही.
आपलाच स्टोव्ह घेऊन येते, चहा करते,
जाताना कपसुद्धा मागे ठेवत नाही.

कोंबडीने दाणे टिपावे तसं
डिलीटचं बटण टिपत राहिले, निळा पडदा येईपर्यंत.
आत रांग लावलेली. आधी फ्लॉपी,
जिचा ड्राइव्ह भंगारवाल्याला देऊन वर्षं झाली,
मग हार्डडिस्क, आणि अगदी शेवटी, दाराशी, सीडी.
तिला हाताला धरून पुढे आणलं. एफ-टेन. हो.
ड्राइव्ह घुमला, आवंढा गिळला, गप्प.
पुन्हा तीच ओळ.

चकतीत किती फायली दिसतात, ऋत्विज फोनवर.
वरच्या मजल्यावरच्या शमिकाच्या लॅपटॉपवर पाहिलं.
एक. एकच, भलीमोठी.
अरेच्चा, म्हणजे मी नुसती कॉपी केली,
इमेज म्हणून बर्न करायला हवी होती.
कळलं मला. जन्म गेला पत्रिका छापण्यात.
नवरा यायला हवा मांडवात,
याने लिफाफ्यात घालून पत्रिकाच पाठवली.

दुसरी चकती, सावकाश लिहिलेली.
भिंतीवरचं बटण बंद, दहापर्यंत मोजलं, चालू.
तीच ओळ.
कान कोरायच्या काडीने लेन्स पुसली.
बंद, दहा, चालू.
तीच.
शिव्या मालवणीत दिल्या, त्या इथे नकोत.

मग पुन्हा निळ्या पडद्यात गेले, तेव्हा कोपऱ्यात दिसली
तारीख. एक जानेवारी दोन हजार दोन.
आणि रांग होती तशीच, पुढे फ्लॉपी,
मेलेली, तरी ताठ उभी.
म्हणजे मी भिंतीवरचं बटण बंद केलं
की हा विसरतो. मी शिकवलेलं सगळं.
पहिल्यांदा रांग बरोबर होती, चकती चुकली.
नंतर चकती बरोबर, तर रांग चुकली.
घरातही असंच होतं. जाऊ दे.

निसारभाई घड्याळवाले दुकान आवरत होते.
कुठल्या घड्याळाचा सेल?
वीसेक वर्षं मागे पडलंय, म्हटलं.
ते हसले नाहीत. डब्यातून काढला,
मीटर लावून दाखवला. तीन व्होल्ट, चाळीस रुपये.

जुना नखाने उचलला, नवा बसवला, टक.
सीडी पुढे. मग तारीख.
बाणाचं बटण, एकेक वर्ष.
तीन, चार, पाच. सहाला दुकानाची पाटी रंगवली.
नऊला दुसरा प्रिंटर, हप्त्याने.
चौदावर बोट थांबलं.
मग दाबत गेले, आजपर्यंत.

ड्राइव्ह घुमला आणि घुमतच राहिला.
कुणाचा तरी भलताच मोरपंखी पडदा आला,
माझ्याच टेबलावर, ओळखीचं एक चित्र नाही.
एका बाजूला माझी हार्डडिस्क,
नुसत्या आकड्यांच्या नावाने. उघडली.
सीता डॉलरच बोलत होती, पण होती.

पेनड्राइव्हवर आधी बारसं घेतलं.
रविवारी आहे. नावाच्या जागी
अजून टिंबंच आहेत.