आयर्विनला किती?

टेंडरमध्ये लिहिलं होतं: टच स्क्रीन, बेचाळीस इंची,
नागरिक-स्नेही.
तो शब्द माझाच, पुण्यात एसीत बसून लिहिलेला,
जोडरेघेसकट.

मार्केट यार्डाच्या गेटजवळ खांब उभा राहिला.
नारळ फुटला, फुगे फुटले, पाहुणे गेले,
आणि हळदीच्या वखारीतनं सुटून
बायाक्का ऐवळे थेट पुढं आली.
बोट ठेवलं. काच ढिम्म.
दाबलं. मग तळव्यानं थोपटलं,
न झोपणाऱ्या पोराला थोपटावं तसं.
"सव्वीस वर्सं हळद निवडतीया," म्हणाली,
"बोटावर रेघच ऱ्हायली न्हाई.
रेशनच्या मशीनलाबी मी कोण न्हवं."

काचेवर पिवळा ठसा राहिला, बिनरेषांचा.
मी फोटो काढून अहवालात जोडला,
'वापरकर्त्याची चूक' ह्या रकान्यात.
रात्री लॉजवर तो रकानाच खोडला.

दस्तगीर मुजावर मिरजेहून एस.टी.नं आले.
नजर नाही; सतारीच्या घोडीला जवारी लावतात.
खांबावर सगळीकडनं हात फिरवून विचारलं,
"ह्याचं तोंड कुठंय?"
तोंड नव्हतं.
आम्ही नुसता चेहरा बसवला होता.

पुढच्या खेपेला स्पीकर आणला. त्यातली बाई म्हणाली,
"नदीची वर्तमान जलपातळी
अकरा दशांश नऊ मीटर आहे. कृपया प्रतीक्षा करा."
चाचा कान लावून ऐकत राहिले, मग हसले.
"आवाज बंद हाय, पोरी. जवारी उघडाय पायजे.
आनि मीटर कापडाला. पान्याला फूट."

खरंच होतं. चहाच्या गाड्यावर, दाढी करताना,
मयताला जाताना सुद्धा
इथं एकच विचारतात: आयर्विनला किती?
आकडा कळला की माणूस
मनातल्या मनात आपला उंबरा मोजतो.
कुणाचं घर अडतीसला, कुणाचं त्रेचाळीसला.
बायाक्काचा पत्ता: एक्केचाळीस फूट.
पिनकोड तिला आठवत नाही.

काच काढली.
भाकरीएवढं एक बटण बसवलं,
हात भरलेले असले तर कोपरानं दाबायचं.
आणि एक नंबर. साध्या फोनवरनं मिस्ड कॉल द्या,
खांब उलटा फोन करतो.
पाणी चढलं तर न विचारताही करतो.

आवाज बायाक्काचा.
कागद दिला होता, तिनं धरलाच नाही.
यंत्राला कमी ऐकू येतं असं वाटून
पहिले अकरा टेक ती ओरडली.
बारावा चाचांनी थांबवला: "हां. आता खुलला."

ऑगस्टात, रात्री दोनला,
तिच्याच उशाशी फोन वाजला.
"एकोणचाळीस झालं. उठा. कागदं घ्या, शेरडं सोडा."
"कोन बया वरडालीया एवढ्या राती," असं म्हणत
ती उठली, आणि सगळी गल्ली उठली.

मालन सोडून.
मालनला जन्मापासून ऐकू येत नाही.
बायाक्का गुडघाभर पाण्यातनं बारा पावलं गेली,
कडी वाजवून उपयोग नव्हता,
खिडकीतनं हात घालून तिचा पाय हलवला.

त्या बारा पावलांचं काय, अजून सुचलेलं नाही.
उशीखाली थरथरणारं काहीतरी, चित्र काढून ठेवलंय,
बॅटरी भिजते.
टेंडर बंद झालं. बिल निघालं.

मार्चमध्ये, पुण्यात, काही कारण नसताना
मी तो नंबर लावते आणि कट करते.
फोन येतो.
"आठ फूट," बायाक्का सांगते,
"कायबी न्हाई. कामं करा."