चौदा पायऱ्या

ओनिटा प्रूइट दर महिन्याच्या तीन तारखेला येते.
चिठ्ठीवर तीस गोळ्या असतात, रक्तदाबाच्या.
ती म्हणते, पंधरा दे,
अर्धी-अर्धी मोडून घेईन.
मी काउंटरच्या अलीकडून मोजते,
पाच-पाचच्या ढिगाने, निळ्या ताटलीत,
आणि काही बोलत नाही.
औषधं देणाऱ्याने बोलायचं असतं, खरं तर.

तिचं घर चाकांवर आलं होतं,
नवरा होता तेव्हा, ट्रकने ओढत,
पॉपलर बेंडच्या त्या टोकाला.
चाकं काढून विटांवर ठेवलं,
तेव्हापासून जागचं हललं नाही.
घर तिचं, खालची जमीन दुसऱ्याची,
भाडं महिना दोनशे साठ.
घराला जमिनीशी बांधणारे पट्टे आठ,
त्यातले पाच गंजलेले.
जमीनमालकाला तीनदा सांगितलं.
तो म्हणाला, घर तुझं ना?

डिसेंबरातल्या त्या गुरुवारी
रात्री दहा वीसला भोंगा झाला.
मी उशीसुद्धा बरोबर घेतली,
कठडा धरून तळघरात उतरले.
ट्रेडमिल, दिवाळीच्या माळांचं खोकं,
पाण्याच्या बाटल्या, मुलाची जुनी सायकल.
नवऱ्याने रेडिओ लावला.
खोटं कशाला बोलू,
मी चहासुद्धा केला.

आपल्यात म्हणतात, बुडत्याचा पाय खोलात.
केंटकीत चक्रीवादळ येतं तेव्हा
म्हण उलटी होते.
ज्याचा पाय खोलात, तो वाचतो.

भोंगा ओनिटालाही ऐकू आला.
भोंगा सगळ्यांनाच ऐकू येतो.
चर्चचं तळघर साडेनऊ मैलांवर,
गाडीत पेट्रोल उद्या कामावर पोचण्यापुरतं,
पगार उद्या.
गेल्या वर्षी चार वेळा गेले, ती नंतर सांगत होती,
चारही वेळा नुसता पाऊस.
चार वेळचं पेट्रोल अठ्ठावीस डॉलर.
तिने नातवाला बाथटबमध्ये झोपवलं,
त्याच्यावर गादी,
गादीवर स्वतः.

निसर्ग भेदभाव करत नाही,
असं दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं.
आमच्या छपराचा एक कोपरा उडाला.
विम्याचा माणूस सोमवारी आला, शिडी घेऊन,
बूट बाहेर काढू का विचारत.
तिचं घर
इतक्या वर्षांनी पहिल्यांदा चाललं.

टब सोयाबीनच्या शेतात सापडला, दोघं आत.
नातवाचा हात मोडला होता, तिच्या तीन बरगड्या.
शेजारच्या रँडल हॉब्जकडे टब नव्हता,
नुसता शॉवर होता.
त्याच्याबद्दल ती एवढंच बोलते.

मदतीच्या अर्जात रकाना होता,
घराच्या मालकीचा पुरावा.
पुरावा ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये होता.
ड्रॉवर कुठे आहे
हे लिहायला रकाना नव्हता.

जानेवारीत पोस्टात तिच्या नावाचं पाकीट आलं,
इंडियानातल्या कुणा बाईचं.
अंगणात तुमचा कागद सापडला,
महत्त्वाचा असेल म्हणून धाडतेय, देव तुमचं भलं करो.
आत विजेचं बिल,
थकबाकी चौऱ्याऐंशी डॉलर.
घरातलं एवढंच परत आलं.
ओनिटा काउंटरवर रेलून हसली,
मग बरगड्या धरून थांबली.

फेब्रुवारीच्या तीन तारखेला म्हणाली, पंधरा दे.
मी ताटली पुढे ओढली.
तुमच्याकडे तळघर आहे, नाही?
आहे, म्हटलं.
किती पायऱ्या?
सहज विचारलं तिने, पर्समध्ये सुट्टे शोधता शोधता.

मला सांगता येईना.
दिवसभर मोजायचंच काम माझं,
आणि या कधी मोजल्या नव्हत्या.

रात्री दिवा न लावता उतरले,
एकेक पायरी, तोंडाने मोजत.
खाली थोडा वेळ उभी राहिले, काळोखात,
ट्रेडमिलला हात लावून.
मग वर आले.
पुन्हा मोजल्या.