ना

रिब्नित्सात लाकडाचे हात पिढीजात.
पाठीवर चाळण्या, चमचे, परड्या लादून
इथले फेरीवाले डोंगर उतरून दूरदूर जायचे म्हणे.
झार्या येते ती ल्युब्लियानाहून, बसने.
पाठपिशवीत लॅपटॉप, मोजपट्टी,
आणि ती पारदर्शक नळी,
तान्ह्या घशाच्या मापाची.
नळीत जे जे मावेल ते ते बाद.

तिच्या भिंतीवर चार कुटुंबं चिकटवली आहेत.
त्यातलं एकही जन्माला आलेलं नाही.
एकवीस घरांतल्या गप्पा कुटून, चाळून
मळलेल्या पिठातून वळलेली ही माणसं.
तिसऱ्या कागदावरचा गोराझ्द तिला जरा जास्त ठाऊक:
वय चौतीस. रात्रपाळी.
मुलाशी खेळायला रोजची अकरा मिनिटं.
अपराधी वाटणं: मध्यम.
(हे ‘मध्यम’ तिनेच लिहिलं होतं,
पेन दोनदा उचलून.)
फोटो विकतचा, हसू कुणा तिऱ्हाइताचं.
तरी दिवे मालवताना ती एकदा त्याच्याकडे बघते,
जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्याकडे बघावं तसं.

खेळणं साधं. एक खुंटी, पाच कड्या,
बीचच्या लाकडाच्या, जवसाचं तेल पाजलेल्या.
मोठी खाली, लहान वर.
लेथवर बसणारा म्हातारा इग्नाट्स म्हणाला,
“अकरा मिनिटांत माझी एक कडी होते.
त्याचं काय होतं?”

आज झिगाचं घर.
वीस महिने, नाक वाहतंय,
एक मोजा पायात, दुसऱ्याचा पत्ता नाही.
बाप पाळी संपवून आला तो तसाच
गालिच्यावर आडवा, बुटांसकट, तोंड उघडं.
“उठवू का?” आई कुजबुजली.
“नको, नको.”
झार्या भिंतीला टेकून बसली, गुडघ्यावर तक्ता.

झिगाने खुंटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.
सगळ्यात मोठी कडी पोटाशी धरली,
डुलत डुलत बापापर्यंत गेला,
उताण्या तळव्यात ती ठेवली आणि म्हणाला,
“ना.”

तिकडच्या बोलीत ना म्हणजे घे.
आपण ज्या अक्षराने दार लावतो,
नाहीतर शब्दाच्या शेपटाला बांधून
लाडीगोडी करतो, ये ना, दे ना,
तेच अक्षर तिकडे
भरल्या हाताने पुढे येतं.

घे. मग काढून घेतली. पुन्हा, ना.
झोपेतच बोटं मिटत होती, उघडत होती.
नऊ वेळा.
झार्याने मोजलं, मोजायलाच तर ती आली होती.
तक्त्यात रकाने तीन: बरोबर रचलं, चुकीचं रचलं, सोडून दिलं.
पेन तिन्हींवरून फिरून आलं
आणि कागदाच्या कडेला थांबलं.

दहाव्या वेळी तो तिच्यापुढे.
“ना.”
तिने घेतली. आभार मानले,
मोठ्या माणसाचे मानतात तसे.
तेवढ्यात आईने घड्याळ दाखवलं,
बस, कोट, दार.

खिशात हात गेला तो थेट कडीत.
अजून थोडी ओलसर.
घेतली होती, परत दिली नव्हती.
खिडकीबाहेर वाळल्या गवताच्या लाकडी चौकटी
एकेक मागे पडत होत्या.
सोमवारी बैठक. विचारतील,
यातून मूल नेमकं शिकतं काय?
आणि गोराझ्दच्या कागदावर अकराचं काय करायचं,
झोपलेला बाप धरायचा की नाही धरायचा,
हा हिशेब ती व्हेलिके लाश्चेपर्यंत करत राहिली.

तिथे उतरली.
रस्ता ओलांडून पलीकडच्या थांब्यावर
मुठीत कडी धरून वेळापत्रक वाचू लागली.
रिब्नित्साकडे परत जाणारी
एक होती, पावणेसातची.